पोरींची बोंब

जानेवारीत शाळेला वरून एक पत्र आलं. मुलींच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेने एक तास घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी शिकवाव्यात, असं त्यात होतं. कोणी अंगाला हात लावला तर मोठ्याने ओरडायचं, तिथून पळायचं आणि घरी येऊन सांगायचं. तास घेतल्याचे दोन फोटो त्याच दिवशी पाठवायचे होते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. एक मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात आणि ज्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं राहिली होती, आणि दुसरी मी. गाव जळगाव जिल्ह्याच्या धुळ्याकडच्या टोकाला आहे. मी अमळनेरला राहते आणि एसटीने जाऊन-येऊन नोकरी करते.

तास मी घेतला. तिसरी-चौथीच्या मुली पटांगणात लिंबाखाली उभ्या केल्या. पत्रात होतं तसं सगळं समजावून सांगितलं. मुलींनी नीट ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "आता सराव करू. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी जोरात ओरडायचं. एक, दोन, तीन."

कुणीच ओरडलं नाही. दोघी-तिघींनी वेणीच्या रिबिनीचं टोक तोंडात धरलं. एकीच्या तोंडून 'आ' निघाला, डॉक्टरांनी घसा बघायला सांगितल्यावर निघतो तसा. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. वर्गाच्या खिडकीतून मुलगे बघत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी अशी आरोळी ठोकली की लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. मुली कानांवर हात ठेवून हसायला लागल्या.

मोठ्या सरांनी तेवढ्यात फोटो काढले. हसण्यामुळे मुलींची तोंडं उघडी दिसत होती. "छान आले," सर म्हणाले आणि त्यांनी ते पाठवून दिले.

मला ते फोटो टोचत राहिले, आणि त्याचं कारण जुनं आहे. मी मूळची धुळ्याची. अकरावीत असताना कॉलेजला जाताना गर्दीच्या बसमध्ये एका माणसाने माझ्या पाठीमागे उभं राहून जे केलं, ते मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बस माणसांनी भरलेली होती. एक शब्द मोठ्याने बोलले असते तर दहा जणांनी मागे वळून पाहिलं असतं. तोंड उघडलंच नाही. मी दोन स्टॉप आधी उतरले आणि मार्चच्या उन्हात चालत कॉलेजला गेले. उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं राहावं लागलं, तर तिथेही गप्प उभी राहिले. घरात मला चारचौघांत हळू बोलायचं, हसताना दात दाखवायचे नाहीत, हाक मारायची असेल तर जवळ जाऊन मारायची, असं नीट शिकवलेलं होतं. धुळवडीला भाऊ गल्लीत हुंदडायचा आणि मी कडी लावलेल्या दारामागे खिडकीचे गज धरून बघायची. ओरडायचं कसं, हे मला कधी कुणी शिकवलं नाही. त्यामुळे त्या मुलींचं हसू माझ्या ओळखीचं होतं.

मार्च उजाडला आणि शाळा सकाळची झाली. गावात होळीची तयारी सुरू झाली. मुलगे घरोघर फिरून लाकडं आणि गोवऱ्या जमवू लागले. मधल्या सुट्टीत त्यांचा बोंब मारायचा सराव चालायचा. पालथ्या हाताने तोंडावर थाप मारत मारत लांबलचक आवाज काढायचा, कुणाचा जास्त लांब जातो ते बघायचं. मुली पायऱ्यांवर बसून सागरगोटे खेळायच्या.

एके दिवशी मी वह्या तपासत असताना बाहेरून बोंब ऐकू आली आणि लगेच सगळं पटांगण गप्प झालं. मी उठून बघितलं. तिसरीतली एक मुलगी मधोमध उभी होती. बारीक चणीची, सावळी, वर्गात बोटं वाकवून बेरीज करणारी. तिचा हात अजून तोंडाशीच होता. मुलगे तिच्याकडे बघत होते आणि एक जण मला सांगायला पळत आला, "मॅडम, इनी बोंब मारी. पोरी नही मारतीस ना?"

"का नाही मारत?" मी विचारलं.

तो परत पळाला.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. त्या बोंबेत एक जोर होता. मी तिच्याकडे बघून हसले आणि घंटा दिली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा तिचा डावा गाल सुजलेला होता. पटांगणातली बातमी तिच्या आधी घरी पोहोचली होती. आजीने मारलं, असं तिने सांगितलं. रडत नव्हती. दप्तर ठेवलं आणि पाढे म्हणायला बसली.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आजी ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसली होती. आई शेतात गेलेली. मी आजींच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आजी, लहान पोर आहे. खेळता खेळता बोंब मारली. इतकं मारायचं का?"

आजींनी सूप खाली ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हले माहीत नही. बाई बोंब मारस ती मयतमा मारस. इना बाप गया तवय आम्ही मारी. तो आवाज आजूनबी मन्हा कानमा शे. आते ही पोर भर दिवसा, सनना तोंडवर बोंब मारस. मले कसं लागी?"

मुलीचे वडील ट्रॅक्टर उलटून गेले होते, हे मला माहीत होतं. मी या गावात येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पण त्या घरातल्या बायकांनी त्या दिवशी तोंडावर हात मारत जो आकांत केला असेल, त्याचा विचार मी केला नव्हता. आजींनी मला पाणी दिलं, चहा ठेवला. गालाबद्दल आम्ही पुन्हा काही बोललो नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून विचार करत होते. आजींचं दुःख खरं होतं. त्यावर मी वाद घालणार नव्हते. पण ते दुःख ज्या रीतीत बसवलं होतं ती रीत मला पटेना. या गावातल्या बाईला पोटातून आवाज काढायची मुभा फक्त कुणी मेल्यावर आहे. बाकी सगळं आयुष्य तिने तोंड मिटून काढायचं. आणि वरचं पत्र सांगतं की मुलींना ओरडायला शिकवा. कुठल्या आवाजाने शिकवू? एक आवाज त्यांना माहीत होता, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, आणि तोच मुलग्यांच्या नावावर करून ठेवलेला होता.

अमळनेर येईपर्यंत माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांना सांगितलं की होळीच्या दिवशी सकाळी शाळेत छोटी होळी करू या. पळसाची फुलं आणून रंग करू, मुलांना खाऊ देऊ. होळी मुली रचतील आणि बोंब मुली मारतील.

सरांनी समोरचं हजेरीपत्रक मिटलं. मग म्हणाले, "मुलगे?"

"मुलगेही असतील. पण पहिली बोंब मुलींची."

"मॅडम, माझी दोन वर्षं राहिलीत," ते म्हणाले. "मला दोन वर्षं शांततेत काढू द्या." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, विनंती केली. मला त्यांची दयाही आली. पण मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

मुलींना मी वर्गात सांगितलं. ज्यांना यायचं त्यांनी यायचं, ज्यांना घरून परवानगी नाही त्यांनी यायचं नाही, कुणावर जबरदस्ती नाही. त्या दिवशी दुपारीच गावभर झालं.

शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे आबा. गावातला मोठा माणूस, केळी आणि कपाशीची शेती, शाळेसमोरच दुमजली घर. शाळेच्या कंपाउंडला गेट नव्हतं तेव्हा आबांनी स्वतःच्या खर्चाने लोखंडी गेट बसवून दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. पोषण आहाराचा तांदूळ संपला की घरून पाठवायचा. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरींना लेझीम शिकवा, रांगोळी काढायला लावा, बक्षिसं मी देतो. बोंब कशाला?"

"आबा, मुलींना ओरडायला शिकवा असं वरूनच पत्र आलंय."

"ते संकटात ओरडायचं."

"संकटात तोंड आपोआप उघडत नाही, आबा. आधी सवय लागते. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, मला अनुभव आहे."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक त्यांना कळलं की मी कशाबद्दल बोलते आहे, कारण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. पण माघार घेतली नाही. "गावाची रीत असते. तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुम्हाला चालतं. उद्या या पोरी सासरी जातील. तिथे लोक काय म्हणतील, की कोणत्या गावाची पोर आणली?"

"म्हणतील की मोठ्या आवाजाची आणली."

मोठे सर टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होते. आबा उठले. "हे गेट मी बसवलेलं आहे, मॅडम. वडिलांच्या नावाने. या गेटाच्या आत हे होणार नाही." एवढं बोलून ते गेले. जाताना त्यांनी चौथीच्या वर्गात डोकावून आपल्या नातीकडे बघितलं. ती चौथीत होती, हुशार, कविता पाठ म्हणण्यात पहिली.

होळीच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने निघाले. पिशवीत साखरेचे हार आणि कंगणं होती, आदल्या दिवशी अमळनेरच्या बाजारातून घेतलेली. आपल्याकडे होळीला मुलांच्या गळ्यात हे हार आणि हातात ही कंगणं घालतात, रंगीत, आणि दिवसभर ते चोखत फिरायचं. पळसाची फुलं मुलांनी नाल्याकाठून आणली होती आणि ती रात्रभर एका डेऱ्यात भिजत ठेवलेली होती. तो डेरा शाळेत होता.

मी गावात पोहोचले तेव्हा गेटाला कुलूप होतं.

गेटाबाहेर मुलं उभी होती. मुलगे बरेचसे आले होते. मुली अकरा. सूज उतरलेली ती तिसरीतली मुलगीही त्यात होती. मी मोठ्या सरांना फोन लावला, तो लागला नाही. एका मुलाने सांगितलं की सर सकाळी आले होते, कुलूप लावून आबांच्या घरी चहाला गेले. आबांचं घर समोरच होतं. दार बंद होतं.

मी पाच-सात मिनिटं तशीच उभी राहिले. खोटं सांगत नाही, मला भीती वाटली. मनात आलं, साखरेचे हार वाटावेत, मुलांना घरी पाठवावं, स्वतः परतीची गाडी धरावी. कुणी मला दोष दिला नसता. आणि अकरा मुली माझ्याकडे बघत होत्या. मी जे करीन ते त्या लक्षात ठेवणार होत्या, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्याने त्या मुलीची आई आली. डोक्यावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा. तिने तो भारा गेटासमोर, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत टाकला आणि पदराने तोंड पुसलं. कुलपाकडे बघितलं.

"आठेच पेटाडा, मॅडम," ती म्हणाली. म्हणजे इथेच पेटवा.

"घरी आजी?"

"त्या बसेल शेतस." आजी घरी बसून होत्या, यापुढे तिला त्यांच्याबद्दल बोलायचं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्ही थांबा ना. मुलीची बोंब ऐकून जा."

तिने भाऱ्याची दोरी सोडून गुंडाळली. मग म्हणाली, "मी फक्त मयतमा मारेल शे, मॅडम. इले तरी सनले मारू द्या." आणि ती विळा घेऊन गहू कापायला निघून गेली.

मग मला कसलीच भीती उरली नाही. मी मुलांना दोन बादल्या पाणी आणायला लावलं. मुलींनी पऱ्हाट्या रचल्या. त्यांनी गवताच्या काड्या, वाळका पाला, एकीने आणलेल्या छोट्या गोवऱ्यांची माळ, सगळं नीट मांडलं. इतक्या वर्षांत पोरांना रचताना लांबून बघून बघून त्यांना सगळं माहीत होतं. कोणती काडी खाली, कोणती वर, वारा कोणत्या बाजूने आहे, मला एकही गोष्ट सांगावी लागली नाही. होळी गुडघ्याएवढीच होती. मी मुलांना मागे सरकवलं आणि काडी लावली. पऱ्हाट्या वाळलेल्या, लगेच पेटल्या.

"हां," मी म्हटलं.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. जानेवारीसारखंच होणार असं मला वाटलं. तेव्हा मी स्वतः पालथा हात तोंडावर ठेवला आणि बोंब मारली. माझ्या आयुष्यातली पहिली. आवाज फाटला, मधेच तुटला, मला खोकला आला. मुलगे हसले. पण त्या तिसरीतल्या मुलीने माझी तुटलेली बोंब तिथून उचलली आणि पुढे नेली. मग दुसरीने. मग सगळ्या. अकरा मुलींचा आवाज त्या बंद गेटावर आपटून गावात शिरला. भिंतीमागून बायका बघायला लागल्या. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. कुणी थांबवायला आलं नाही. कदाचित त्यांना सुचलंच नाही.

मुली दमून थांबल्या. श्वास घेत होत्या, हसत होत्या. आणि त्या शांततेत एक बोंब वरून आली.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. समोरच्या घराच्या गच्चीवर, कठड्याला टेकून, आबांची नात उभी होती. घरच्या फ्रॉकमध्ये, केस मोकळे. तिला शाळेत पाठवलं नव्हतं. ती तोंडावर हात मारत बोंब मारत होती आणि थांबत नव्हती. खालून मुलींनी तिला उत्तर दिलं. तिने पुन्हा वरून दिलं. असं दोन-तीनदा झालं. मग गच्चीचा दरवाजा उघडला, कुणीतरी तिला दंडाला धरून आत नेलं. जाता जाताही तिचा आवाज जिन्यातून येत होता.

मी साखरेचे हार वाटले. विस्तव पाण्याने विझवला, राख बाजूला केली. मुलांनी गेटाच्या फटीतून आतल्या डेऱ्याकडे बघितलं आणि रंग उद्या खेळू म्हणत घरी गेली.

नातीच्या बोंबेने आबांना जे लागलं ते आम्हा सगळ्यांच्या बोंबेने लागलं नसतं. त्यांनी तक्रार केली. पंधरा दिवसांनी तालुक्याच्या ऑफिसातून एक साहेब चौकशीला आले. त्यांनी ऑफिसात मोठ्या सरांना बसवलं, मला बसवलं. आरोप वाचून दाखवला. सार्वजनिक रस्त्यावर विद्यार्थ्यांसमोर आग पेटवणे, गावाच्या रूढींचा अनादर, मुलींना अशोभनीय वर्तन शिकवणे.

"आग पेटवली हे खरं?" साहेबांनी विचारलं.

"खरं. दोन बादल्या पाणी होतं, पण रस्त्यावर पेटवायला नको होती. तेवढी चूक माझी."

"शाळेचं आवार सोडून रस्त्यावर का?"

मी काही बोलायच्या आत मोठे सर म्हणाले, "गेटाला कुलूप मी लावलं होतं, साहेब." त्यांचा आवाज बारीक होता, पण ते स्पष्ट म्हणाले. "मॅडमना माहीत नव्हतं. मुलं बाहेर उभी राहिली ती माझ्यामुळे." मी त्यांच्याकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

साहेबांनी त्या तिसरीतल्या मुलीला बोलवायला सांगितलं. ती हात मागे बांधून उभी राहिली.

"मॅडमनी तुम्हाला बोंब मारायला शिकवली का?"

ती म्हणाली, "नही. मॅडमले तर येतबी नही. आमले येत व्हती."

साहेबांनी ओठ दाबून हसू आवरलं. "मग मारून दाखव बरं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "आते होळी नही शे."

साहेबांनी तिला वर्गात पाठवलं. मला लेखी खुलासा द्यायला सांगितला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून द्या. विषय मिटेल. सगळे असंच लिहितात." ते माझ्या भल्यासाठी सांगत होते. घरी नवऱ्यानेही तेच सांगितलं. सासूबाईंनी मात्र विचारलं, "पण तुला वाटतं का चूक झाली?" मी म्हटलं, आगीची झाली. त्या म्हणाल्या, "मग आगीचं लिही."

मी एक पान लिहिलं. रस्त्याच्या कडेला आग पेटवल्याची जबाबदारी माझी असून असं पुन्हा होणार नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलं. पुढे लिहिलं की मुलींना मोठ्याने ओरडता यावे, असे वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रातच आहे. जानेवारीत घेतलेल्या तासात मुलींना ओरडता आले नाही, तरी तास यशस्वी झाल्याचे फोटो पाठवण्यात आले. मार्चमध्ये त्यांना ओरडता आले. याचा मला खेद नाही.

शेवटचं वाक्य मोठ्या सरांनी दोनदा वाचलं. "हे राहू द्यायचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का मारला आणि पाठवलं.

महिन्याभराने समज दिल्याचं पत्र आलं. ते माझ्या फाइलला लागलं आणि अजून आहे. पगारावर परिणाम झाला नाही. पण दोन मुलींना त्या होळीच्या संध्याकाळी घरी मार बसला, हे मला नंतर कळलं. मी त्यांच्या घरी गेले, बापांशी बोलले. एकाने ऐकून घेतलं, दुसऱ्याने मला ओट्यावरूनच परत पाठवलं. हे सोडून सांगितलं तर गोष्ट अर्धीच होईल. माझं धाडस मला एका कागदावर निभावलं. त्यांचं त्यांच्या पाठीवर आलं. तरी मी त्या मुलींना विचारलं, की पुढच्या वर्षी नको का करायचं? त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी काहीतरी विचित्रच विचारलंय.

पुढच्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी पुन्हा पत्र आलं. शाळेच्या आवारात किंवा परिसरात कोणत्याही प्रकारे अग्नी पेटवू नये. ते योग्यच होतं आणि मी ते पाळलं. पत्रात आगीचा उल्लेख होता, आवाजाचा नव्हता. होळीच्या सकाळी गेट उघडं होतं. मोठे सर निवृत्तीच्या वर्षात होते, त्यांनी स्वतः किल्ली आणली आणि आत जाऊन खुर्चीत पेपर वाचत बसले. पळसाचं पाणी छान केशरी झालं होतं. लिंबाखाली मुली गोल उभ्या राहिल्या, विस्तवाशिवाय, आणि त्यांनी घसे बसेपर्यंत बोंबा मारल्या. मुलग्यांनाही आम्ही घेतलं, पण दुसऱ्या फेरीला. आबांची नात तोवर पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती. ती त्या दिवशी आली आणि मोठ्या मुलीच्या रुबाबात लहानांना हात कसा ठेवायचा ते दाखवत राहिली. आबा आले नाहीत. तक्रारही झाली नाही.

त्या तिसरीतल्या मुलीची आजी माझ्याशी बोलते, चहा पाजते, पण बोंबेचा विषय निघाला की उठून आत जाते. तिचं मन मी बदललेलं नाही. तिने मारणं मात्र थांबवलं.

गावाने मला एक नाव दिलं आहे. सुरुवातीला माघारी म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. परवा दुपारी एसटीत मला डुलकी लागली होती. कंडक्टरने पुढून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "बोंबवाल्या मॅडम, अमळनेर आलं." गाडीतली माणसं वळून बघायला लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे लागलं होतं. या वेळी मी पिशवी उचलली आणि तेवढ्याच मोठ्याने म्हटलं, "आले, भाऊ, थांबवा," आणि उतरले.